अर्ध्या वाटेवरून परत आले, ताई

विक्रोळीला आई आणि धाकट्या भावाबरोबर राहणारी, विमा कंपनीत नोकरी करणारी 29 वर्षांची वाचक लिहिते: जुलैत आठ दिवसांची रजा टाकून, पाठीवर एक सॅक घेऊन ती एकटीच कोकणात गेली. गर्दी नको होती, खर्चही बेताचाच करायचा होता आणि पाऊस डोळे भरून बघायचा होता, म्हणून ऑफ सीझन मुद्दाम निवडला. मालवण, विजयदुर्ग, गणपतीपुळे, गुहागर, हर्णै असा बेत होता. दादरहून सुटलेली रात्रीची गाडी कुडाळला पाच तास उशिरा पोचली. मालवणजवळच्या गावात ॲपवरून पैसे भरून ठरवलेल्या होमस्टेला कुलूप होतं आणि मालकाचा फोन बंद होता. शेजारच्या एका मावशींनी तिला घरात घेतलं. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणारी होडी बंद असल्याचं तिला दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेल्यावर कळलं. परतताना फोन भिजून बंद पडला. पाकिटात 340 रुपये, गावात वीज नाही, एटीएम बंद. त्याच रात्री ताप आणि जुलाब सुरू झाले. मावशींच्या फोनवरून तिने आईला सांगितलं, "सगळं मस्त चाललंय." आईने तासाभराने त्याच नंबरवर पुन्हा फोन लावला आणि मावशींनी जे होतं ते सांगून टाकलं. ताप उतरल्यावर ती विजयदुर्गला निघाली, तर वाटेत झाड पडल्यामुळे एसटी रद्द. तिथून ती थेट कुडाळ गाठून, मावशींनी हातावर ठेवलेले पाचशे रुपये घेऊन, जनरल डब्यातून मुंबईला परतली. घरी आईने एवढंच विचारलं, "फिटली हौस?" त्यानंतर तो विषय घरात बंद आहे. ती विचारते, "ताई, एकटीने फिरण्याची माझी लायकीच नाही का? पुढच्या जुलैत पुन्हा जावंसं वाटतं, पण आईपुढे तोंड उघडवत नाही. की मुकाट्याने ग्रुप टूरच घ्यावी?"

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. गाडीचा उशीर, कुलूप, फोन, एटीएम, ताप, झाड हे सगळं तू अगदी बारकाईने लिहिलं आहेस. मावशींकडे राहून तुला काय वाटलं, याबद्दल मात्र एकच वाक्य आहे: "त्या अनोळखी बाईंकडे तीन रात्री पडून राहावं लागलं, याची फार लाज वाटते." त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी तुझ्या 'लायकी' या शब्दाबद्दल बोलू.

तुझ्यावर आलेल्या अडचणी मी एकेक करून बाजूला काढल्या आणि त्यांतली कुठली तुझ्यामुळे आली ते बघितलं. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत दर वर्षी बंद असते. समुद्र खवळलेला असतो, त्या दिवसांत तिथे कुणीच प्रवासी नेत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं होतं. डोंगर कापून काढलेल्या त्या मार्गावर दरडीची भीती असते, म्हणून गाड्यांचा वेग आधीच कमी केलेला असतो. जोराचा पाऊस लागून समोरचं दिसेनासं झालं, तर चालकाला ताशी 40 किलोमीटरपेक्षा वेगात जायची परवानगी नसते. अशा रात्री गाडी पाच तास रखडते ती आतल्या माणसांचा जीव सांभाळत रखडते. विजेचं आणि झाडाचं तर सांगायलाच नको. आपल्याकडे मुलुंडला फांदी पडली तरी अर्धा दिवस जातो.

होमस्टेच्या कुलपाबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण तू लिहिलं आहेस की तुझी फसवणूक झाली. झालीही असेल. पैसे घेतले, घर बंद ठेवलं आणि कळवलं नाही, ही चूकच आहे. परत मिळाले नसतील तर ॲपकडे लेखी तक्रार कर. त्यांनी दाद दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. पण जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे तिकडे काय चालू असतं, हे तू निघण्याआधी कुणाला विचारलं होतंस का? भाताची लावणी चालू असते. ज्यांच्या घरात तू पाहुणी म्हणून जाणार, ती सगळी माणसं पहाटेपासून तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला आणि लावायला गुडघाभर चिखलात असतात. यांत्रिक बोटींची मासेमारीही 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्यामुळे ज्या ताटाच्या आशेने मुंबईची माणसं जातात ते ताटही मिळत नाही. पर्यटकांसाठी तो ऑफ सीझन असतो. गावाचा मात्र तो वर्षातला सगळ्यात धावपळीचा सीझन असतो. आपण मुंबईत बसून 'ऑफ सीझन' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे रिकामी खोली आणि उतरलेले दर असतात. खोली रिकामी का आहे, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

तेव्हा या अडचणी तुझ्या नशिबाच्या नाहीत आणि तुझ्या लायकीशीही त्यांचा संबंध नाही. त्या तिथे दर जुलैत असतात. तुझ्याआधी तिथे गेलेल्यांनी त्या सोसल्या, तुझ्यानंतर जाणारेही सोसतील. हेच सगळीकडे लागू आहे. नोव्हेंबरनंतर हिमाचलातल्या स्पितीला निघालेल्या मुलाला कुंझुम घाट बंद मिळतो आणि किन्नौरच्या बाजूने लांबून जावं लागतं. मे महिन्यात जैसलमेरला गेलेल्याला दुपारी बारा ते पाच खोलीबाहेर पडता येत नाही.

तुझी चूक काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ते खोटं होईल आणि तुझ्या उपयोगाचंही नाही. आठ दिवसांत पाच गावं हा डिसेंबरचा बेत आहे आणि तो तू जुलैत नेलास. नकाशा काढून बघ. गणपतीपुळ्याहून गुहागरला जायला जयगड-तवसाळ फेरी बोट आणि गुहागरहून हर्णैला जायला धोपावे-दाभोळ फेरी, अशा दोन खाड्या तुझ्या वाटेत होत्या. हवा बिघडली की फेरी थांबते आणि मग चिपळूणवरून मोठा वळसा घालून जावं लागतं. प्रत्येक गावी पुढच्या मुक्कामाचे पैसे आधीच भरलेले. म्हणजे एक दिवस चुकला की पुढचे सगळे चुकणार. एकाही दिवसाला तू ढिलाई ठेवली नव्हतीस. पावसाळ्यात तीनातला एक दिवस पाऊस आपल्याकडून घेणारच, असं धरूनच बेत करायचा असतो. आठ दिवसांसाठी दोन गावं पुरे. एकच घेतलंस तर आणखी बरं. पाऊस बघायला गेली होतीस ना? तो एका पडवीत बसून जेवढा दिसतो तेवढा एसटीच्या बंद काचेतून दिसत नाही.

आता परत येण्याबद्दल. तू 'पळून आले' असा शब्द वापरला आहेस. अंगात तापाचा अशक्तपणा, फोन बंद, खिशात उसने पैसे, रस्त्यावर झाड, आणि अशा वेळी तू पुढे न जाता मागे फिरलीस. सह्याद्रीत आयुष्यभर भटकलेल्या कुठल्याही माणसाला विचार, तो तुला सांगेल की पुढे जाणं बऱ्याचदा सोपं असतं, कारण पाय आपोआप पुढे पडतात. मागे फिरायला डोकं शांत असावं लागतं. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, तेव्हा एका रात्रीत शहर पाण्याखाली गेलं होतं आणि लोक छपरांवर बसून होते. त्या पट्ट्यात जुलैत पाऊस काय करू शकतो हे ज्याने पाहिलं आहे, तो तुझ्या परत येण्याला पळणं म्हणणार नाही. मला तुझ्या सगळ्या पत्रात तो निर्णय सर्वांत पक्का वाटला.

पुढचं पाऊल काय, याचा विचार करू. ग्रुप टूर घेण्यात कमीपणा नाही. हातात वेळ थोडा असेल, गड चढायचे असतील, तर पावसाळ्यात माहीतगारांबरोबर जाणंच बरं. निसरड्या वाटेवर एकटीने जाऊ नकोस, हे मी तुला निक्षून सांगते. पण तू पत्रात लिहिलं आहेस, "कुणाशी न बोलता तासन् तास पाऊस बघायचा होता." ग्रुपमध्ये सकाळी सातला शिट्टी वाजते आणि नाश्त्याला रांग लागते. तिथे तुझी ही तहान भागणार नाही. दिवाळीनंतर एकटीने जाणं हा दुसरा मार्ग. होड्या चालू, रस्ते कोरडे, घरं उघडी. खर्च वाढेल, पण एकटीने राहण्याची सवय होईल. तिसरा मार्ग मला सगळ्यात जास्त पटतो. पुढच्या जूनमध्ये शुक्रवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परत यायचं, असा एक सराव कर. गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटी तेव्हा बंद असतील, पण हवा बरी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, जाते, आणि ती रद्द झालीच तर एसटी आहे. दोन रात्री, एकच गाव. काही बिघडलं तरी घर तीन-चार तासांवर. त्यानंतर जुलैचं ठरव.

आता काही कामाच्या गोष्टी सांगते. तुझ्यासारखी बरीच पत्रं येतात, मुलांचीही येतात, त्यांनाही उपयोग होईल.

मुक्काम ॲपवर ठरव हवं तर, पण पैसे भरण्याआधी त्या माणसाशी फोनवर बोल. आवाज ऐक. "जुलैत तुम्ही घरी असता ना? जेवण मिळेल ना? वीज गेली तर सोय काय?" हे तीन प्रश्न विचार. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन कर आणि त्याच गावातल्या दुसऱ्या एका घराचा किंवा लॉजचा नंबर जवळ ठेव. नव्या गावात पोचायचं ते दुपारच्या आत. तू पाच तास उशिरा पोचलीस आणि तरी संध्याकाळच्या आत पोचलीस, कारण गाडी रात्रीची होती. हा तुझा शहाणपणा होता, तो सोडू नकोस. दिवसाची गाडी पाच तास लटकली असती तर त्या कुलपासमोर तू रात्री दहाला उभी असतीस.

गाडीचंही एक सांगून ठेवते. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुला जायचंच नसेल, तर ती तुझ्या स्टेशनवरून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज, भरलास की पूर्ण पैसे परत मिळतात. तिकडे गेल्यावर मात्र मोबाइलपेक्षा एसटी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर भरवसा ठेव. कुठल्या रस्त्यावर पाणी आहे, कुठली गाडी अर्ध्यातून परत आली, संध्याकाळची मुक्कामी गाडी जाणार की नाही, हे त्या खिडकीत बसलेल्या माणसाला सकाळी सातलाच ठाऊक असतं. आणि मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. त्यामुळे बेत बदलायची वेळ आली तर खर्चाकडे बघून अडून राहू नकोस.

पैशांबद्दल तुझी मोठी चूक झाली. फोन म्हणजेच पाकीट असं धरून तू गेलीस. कोकणात वीज गेली की आधी एटीएम जातं, मग काही तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि फोनही मुका होतो. दोन-तीन हजार रुपये रोख, तेही शंभर-पन्नासच्या नोटांत, तीन ठिकाणी वाटून ठेवायचे. थोडे पाकिटात, थोडे सॅकच्या तळाशी, थोडे अंगावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. नेट नसेल पण आवाजाचं नेटवर्क असेल, तर *99# लावून साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात, एका वेळी 5000 रुपयांपर्यंत. त्यासाठी युपीआयचा पिन आधी ठरवलेला हवा आणि सिम तुझं हवं. म्हणजे फोन मेला तरी सिम काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घालायचं, निदान तेवढी वाट मोकळी राहते. हे घरी एकदा करून बघ. तिथे भर पावसात शिकायला जाऊ नकोस.

फोन भिजला तर लगेच बंद कर. चालू होतो का बघायला चार वेळा बटण दाबू नकोस, चार्जर तर अजिबात लावू नकोस. कव्हर आणि सिम काढ, पुसून हवेवर ठेव. तांदळाच्या डब्यात घालायचा सल्ला सगळेच देतात, पण त्याने कोंडा आणि कण आत जातात. आणि एक वही ठेव, छोटी, दहा रुपयांची. तिच्यात आईचा, भावाचा, एका मैत्रिणीचा, मुक्कामाचा नंबर आणि तिकिटाचा पीएनआर लिहून ठेव. तू लिहिलं आहेस की मावशींनी फोन पुढे केला तेव्हा तुला आईचा नंबर आठवेना, भावाचा आठवला आणि त्याच्याकडून मागून घ्यावा लागला. आपल्या सगळ्यांचं हेच झालं आहे.

सॅकवर रेनकव्हर होतं आणि तरी आतलं सगळं भिजलं, असं तू म्हणतेस. भिजणारच. पाणी पाठीकडून, पट्ट्यांच्या शिवणीतून आत जातं. सॅकच्या आत एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाल, तिच्यात कपडे भर आणि तोंड पिळून दुमडून टाक. त्यातही एक जोड असा ठेव जो फक्त झोपताना घालायचा. दिवसा कितीही भिजलीस, बाकी सगळं ओलं असलं, तरी तो जोड घालून बाहेर पाऊल टाकायचं नाही. सकाळी पुन्हा ओले कपडे चढवताना अंगावर काटा येतो, पण रात्री कोरड्या कपड्यांत झोप लागते, आणि नीट झोप झालेलं माणूस दुसऱ्या दिवशी नीट निर्णय घेतं.

तापाची गोष्ट मला गंभीर वाटते. ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉल जवळ ठेव. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मावशींनी तुला मीठ घालून पेज पाजली, तेही योग्यच औषध होतं. पण पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, शेतातल्या चिखलातून चालल्यावर ताप आला, अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरगुती उपायांवर थांबायचं नाही. तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. त्याचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि "मी पाण्यातून चालले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. लवकर कळलं तर उपचार सोपे असतात. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कुठल्याही संकटात 112, हे दोन नंबर पाठ असू देत.

हवामान खात्याचे जिल्हावार इशारे रोज सकाळी बघ. 24 तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. तांबडा इशारा असेल त्या दिवशी कुठेही निघायचं नाही. आहेस तिथे बस.

आता आईबद्दल. तू धरून चालली आहेस की आई तुझ्या एकटीच्या फिरण्यावर चिडली आहे. तुझ्या पत्रात मला तसं दिसलं नाही. तूच लिहिलं आहेस की निघताना तिने चिवडा भरून दिला आणि दादरला सोडायला भावाला पाठवलं. जाऊ नको म्हणाली ती, पण अडवलं नाही. आईच्या जागी उभी राहून बघ. रात्री अनोळखी नंबरवरून फोन येतो, मुलगी म्हणते सगळं मस्त आहे. आवाज ओढलेला आहे. आईला ते कळतंच, म्हणून तर तिने पुन्हा फोन लावला. आणि पलीकडून एक परकी बाई सांगते, पोरगी तापाने फणफणली आहे. दोनशे कोसांवर बसलेल्या आईला आपल्या मुलीच्या दुखण्याची बातमी दुसऱ्या कुणाकडून कळली. "फिटली हौस?" या दोन शब्दांत मला राग कमी आणि दुखावलेपण जास्त ऐकू येतं.

म्हणून माझा सल्ला असा: तिच्याशी बोल, पण दोन गोष्टी एकत्र करू नकोस. खोटं बोललीस त्याची माफी माग. सरळ, कारणं न देता. "तू काळजी करशील म्हणून" हे वाक्यही नको, कारण काळजी तर तिने केलीच, आणि एकटीने केली. प्रवासाला गेलीस त्याची माफी मात्र मागू नकोस, कारण ती चूक नव्हती. लगेच पुढच्या जुलैचं पिल्लूही सोडू नकोस. चार-आठ दिवस जाऊ दे. मग वही घेऊन तिच्याशेजारी बस आणि मुक्कामाचे नंबर तिच्यासमोर लिही. रोज रात्री किती वाजता फोन करायचा ते ठरवा. फोन आला नाही तर नेटवर्क गेलं असं धरून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत वाट बघायची आणि मग कुणाला विचारायचं, हेही ठरवा. आणि एक वचन दे: बरं नसेल तर "बरं नाही" असंच सांगेन. तू 29 वर्षांची आहेस, परवानगी मागायला नको. पण जिच्या घरात तुझी वाट पाहिली जाते तिला खरी खबर मिळायला हवी.

शेवटी त्या लाजेबद्दल.

26 जुलै 2005 ला मी कुर्ल्याच्या ऑफिसातून चालत निघाले होते. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. सायनपर्यंत पोचेतो पाणी छातीला लागलं आणि अंधार पडला. एका चाळीच्या जिन्यात आम्ही सात-आठ जणं उभे होतो. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खाली वाकून बायकांना वर बोलावलं. त्यांनी मला त्यांच्या मुलीचा गाऊन दिला, बाहीला पिवळी पायपिंग लावलेला. मेणबत्ती स्टीलच्या वाटीत उभी केली होती आणि तिच्या उजेडात आम्ही वरणभात खाल्ला. मला त्या रात्री कसलीही लाज वाटली नाही. मुंबईत त्या रात्री हजारो माणसं परक्या घरांत झोपली, कुणालाच वाटली नसावी. पाऊस सगळ्यांवरच पडला होता. मग तुझ्यावर एकटीवर पडला तेव्हा लाज कुठून आली? मला वाटतं, 'एकटीने फिरणं' म्हणजे 'कुणाचं काहीही न घेता फिरणं' असा अर्थ तू कुठेतरी मनात धरला आहेस. तसं कुणीच फिरत नाही. एकटी म्हणजे सोबत कुणी नाही एवढंच. वाटेत माणसं असतातच, आणि ती असतात म्हणून तर एकटीने निघता येतं.

त्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन सायनला गेले. दार उघडल्यावर त्या बाईंनी आधी मला ओळखलं नाही. मग एकदम माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी नीट पोचलीस ना गं? आम्ही कितीदा बोलत होतो." तीन महिने त्या घरात माझी चौकशी चालली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तू लिहिलं आहेस की फोन दुरुस्त झाल्याबरोबर मावशींच्या मुलाच्या खात्यावर पाचशे रुपये पाठवलेस. चांगलं केलंस. त्याच वाक्यात पुढे आहे, की निघताना त्या म्हणाल्या होत्या, "पोचलंस की फोन कर हां गो," आणि तो फोन अजून झालेला नाही, कारण काय बोलावं सुचत नाही. त्यांचा नंबर आईच्या फोनमध्ये आहे. आईकडूनच माग. दोघी शेजारी बसून लावा. तू सुखरूप पोचलीस हे सांग, ताप गेला हे सांग, आणि लावणी कशी झाली ते विचार. मग फोन आईच्या हातात दे. त्या दोघींचं त्या रात्रीचं बोलणं अर्धवट राहिलं आहे.

तुझी,
ताई